तंबोरा विकला, आता पाठवायचा कसा? सांगलीत मिळालेलं पॅकिंगचं सामान

मिरजेचा तंबोरा नागपूरला पाठवायचा होता. लांबी 140 सेंमी, भोपळा 41 सेंमी रुंद, खोली 34. एवढा तयार खोका कुठेच मिळत नाही. टीव्हीचा खोका लांबीला पुरतो, पण फार चपटा असतो. सिंगल डोअर फ्रिजचा आखूड पडतो. डबल डोअरचा पाच प्लायचा (पाच थरांच्या पुठ्ठ्याचा) खोका बसतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सांगून ठेवलं की मिळतो, फक्त पिना आणि ओल बघून घ्यायची.

हा खोका कापून लहान केलाच पाहिजे. बरेच कुरिअरवाले लांबी × रुंदी × उंचीला 5000 ने भागून वजन धरतात. 175×70×65 चा अख्खा खोका 159 किलोचा ठरतो, 158×55×48 चा 83 किलोचा. खरं वजन वीसच्या आत! ट्रान्सपोर्टवाले नगावर घेतात, त्यांचाही दर विचारावा.

तंबोरा मोडतो तो दोन ठिकाणी: भोपळ्याला बाहेरून दणका बसून, नाहीतर दांडी हिसकली की गळ्याच्या, म्हणजे दांडी आणि भोपळा जोडणाऱ्या, सांध्यात. म्हणून भोपळा खोक्याच्या भिंतीला टेकता कामा नये आणि भार दांडीने घ्यायला हवा. 12 मिमी प्लायची फळी तळाला घेतली. तिच्यावर 50 मिमी ईपीई फोमचे (पॅकिंगच्या लवचिक फोमचे) थर चिकटवून दोन खाचा केल्या, एक गळ्याच्या जरा वर, दुसरी खुंट्यांच्या अलीकडे. खाचेत दांडी ठेवून वरून सुती पट्टीने बांधली. भोपळ्याभोवती सगळीकडून सहा सेंमी जागा राहिली. ती मोकळी सोडली तर भोपळा लोंबकळतो आणि ताण गळ्यावरच येतो. तिथे गादीवाल्याकडून शिवून घेतलेल्या कापसाच्या लहान उशा भरल्या. रद्दी नको, ती प्रवासात दबते आणि पोकळी होते. थर्माकोलही एका आदळण्यात तुटतो.

फोम द्राक्षांच्या पॅकिंगचं सामान विकणाऱ्यांकडे आणि फर्निचरवाल्यांकडे मिळतो. बेदाण्याचे खोके उलगडून आतल्या भिंतींना दुहेरी लावले. मार्केट यार्डातलं गोणपाट स्वस्त, पण हळदीचं नको; पिवळा डाग पॉलिशमध्ये बसला की बसला.

बबल रॅप थेट लाकडावर गुंडाळू नये. चपड्याचं (लाखेचं) पॉलिश उन्हात मऊ होतं आणि बुडबुड्यांचे ठसे उमटतात. आधी जुनं धुतलेलं धोतर, मग बबल. चिकटपट्टी फक्त बबलवर.

घोडी, म्हणजे भोपळ्याच्या बाजूला तारा जिच्यावरून जातात ती पट्टी, चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी असते. तिच्या चारही कोपऱ्यांशी मास्किंग टेपचे तुकडे लावून जागा खूण केली, मग तारा ढिल्या करून घोडी काढली आणि जवारीच्या दोऱ्यांसकट (झंकारासाठी तारा आणि घोडीच्या मध्ये घालतात ते दोरे) डबीत ठेवली. तारा खुंट्यांवरून सोडल्या नाहीत. तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर) सैल तारा घासू नयेत म्हणून मध्ये फ्लॅनेल. खुंट्यांवर पुठ्ठ्याची टोपी, तीही खुंटीला न टेकणारी, नाहीतर दणका सरळ खुंटीत जातो.

बंद करण्याआधी खोका हलवून कान लावावा. काही खडखडलं तर पुन्हा उघडायचा. प्रत्येक थराचे फोटो काढावेत. वाद्याची तूटफूट विम्यात धरतात का, हे बुकिंगआधीच विचारावं, बरेच जण धरत नाहीत. ‘नाजूक’च्या स्टिकरवर माझा भरवसा नाही. चारही बाजूंनी मोठ्या अक्षरांत मराठी आणि हिंदीत ‘तंबोरा, आडवाच ठेवा’ लिहिलं.

घेणाऱ्यासाठी डबीत चिठ्ठी: तारा सैल असतानाच घोडी टेपच्या खुणांवर ठेवा, चारही तारा थोड्या थोड्या सारख्या चढवा, जवारीचे दोरे शेवटी घाला.