तुम्ही विचारलंत म्हणून: नाशकात टू बीएचके कुठे घेऊ?

"ताई, आम्ही नाशिकला शिफ्ट होतोय, भाड्याने टू बीएचके बघतोय, कुठल्या एरियात घेऊ?" हे मला महिन्यातनं एकदा तरी कुणीतरी विचारतंच. मिस्टरांच्या कंपनीत नवीन लागलेलं कुणी, माहेरच्या ओळखीतलं कुणी, आणि एप्रिल-मे आला की तर फोन चालूच. अकरा वर्षांत चार फ्लॅट बदललेत आम्ही, त्यामुळे हिला माहिती असणार असं लोकांना वाटतं, आणि आहे पण थोडीफार. पण मी एरिया सांगायच्या आधी उलट विचारते, घरात दिवसभर कोण असणार आहे?

याचं कारण आमचा दुसरा फ्लॅट. पाथर्डी फाट्याजवळ होता, सगळ्यात वरचा मजला, यांना अंबडची कंपनी दहा मिनिटांवर, मला पण ऑफिसला जायला सोपं. आम्ही दोघं ऑफिस सुटल्यावर गाडीवर बघायला गेलो होतो, संध्याकाळचे साडेसात वाजले असतील, पांडवलेणीच्या डोंगराकडनं मस्त वारा येत होता, बाल्कनीत उभं राहिलो आणि तिथल्या तिथे टोकन देऊन टाकलं. घरात दिवसभर राहणार होत्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही फ्लॅट दाखवला तो सामान आलं तेव्हाच.

मे महिन्यात एकदा हाफ डे घेऊन घरी आले. दार उघडलं तर हॉलमध्ये कुणी नाही, बेडरूममध्ये नाही, आणि आई सापडल्या त्या बाथरूम आणि किचनच्या मधल्या पॅसेजमध्ये. तीन फूट रुंदीची जागा ती. तिथे प्लास्टिकची खुर्ची टाकून, भिंतीला टेकून हरिपाठ वाचत बसलेल्या, पायाखाली ओला टॉवेल. वरती डायरेक्ट गच्ची, हॉल आणि मोठी बेडरूम दोन्ही पश्चिमेला, त्यामुळे दुपारी दोन वाजल्यापासून ऊन जे आत यायचं ते सातपर्यंत, आणि स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला. पूर्ण घरात बाहेरची भिंत नसलेली एकच जागा होती, तो पॅसेज. मी म्हटलं, आई इथे का बसलात, तर म्हणाल्या, "इथे बरं वाटतं गं." दोन महिने त्या रोज दुपारी तिथे बसत होत्या आणि आम्हाला पत्ताच नव्हता, कारण आम्ही घरी यायचो तेव्हा वारा सुटलेला असायचा. मला त्या दिवशी जे वाटलं ते अजून जात नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की जो माणूस दिवसभर घरात असणार आहे, म्हातारं माणूस असो, लहान मूल असो, घरून काम करणारी सून असो, त्याच्या हिशोबाने घर बघा. आणि त्याला बरोबर घेऊन बघा. आपण दोघं कमावणारे रात्री झोपायला येतो, आपलं काय, कुठेही भागतं.

यासाठी घर दोनदा बघायला लागतं. एकदा उन्हाच्या वेळी, तीन-चार वाजता, भिंतीला हात लावून बघा. कडेचा फ्लॅट असेल आणि भिंत पश्चिमेची असेल तर हाताला लगेच कळतं. नाशिकची हवा चांगली असं सगळे म्हणतात, खरंय ते, पण उन्हाळ्यात इथेही चाळीसच्या वर जातं, आणि डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली येतो तेव्हा म्हाताऱ्या माणसाला सकाळचं कोवळं ऊन लागतं. पूर्वेची बाल्कनी दोन्ही ऋतूत कामाला येते.

आणि दुसऱ्यांदा सकाळी पाण्याच्या वेळी. हे मात्र कुणीच करत नाही, एजंट तर अजिबात नेत नाही. महानगरपालिकेचं पाणी गंगापूर धरणातनं येतं, शिवाय मुकणे आणि दारणेचं, पाणी चांगलंच आहे, पण ते तुमच्या सोसायटीच्या टाकीत किती पडतं आणि बोअरचं किती मिसळतं हा खरा प्रश्न. आपल्याकडे खाली सगळा काळा पाषाण, बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड लागतं. वॉचमनकाकांना विचारा, नळ किती वाजता येतात, किती वेळ असतात, उन्हाळ्यात टँकर येतो का, टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये धरतात की वेगळे काढतात. एवढं सगळं मालक सांगणार नाही, वॉचमन सांगतो. किचनच्या नळाच्या तोंडाशी पांढरा थर जमलेला दिसला की समजायचं. आमच्या तिसऱ्या घरात तुरीची डाळ पाच शिट्ट्या झाल्या तरी दाणा दाणा वेगळा राहायचा, आई म्हणायच्या डाळच खराब आणलीस, मी दुकान बदललं, शेवटी एक दिवस फिल्टरच्या पाण्यात लावली तर तीन शिट्ट्यांत मेण झाली.

लिफ्टचं पण विचारून ठेवा, म्हणजे लिफ्ट आहे का एवढंच नाही, लाइट गेल्यावर चालते का. गुडघे दुखणारं माणूस चौथ्या मजल्यावर असलं आणि बॅकअप नसला की ते माणूस त्या दिवशी घरातच अडकलं. जुन्या तीन मजली अपार्टमेंट्समध्ये तर लिफ्टच नसते, तिथे तळमजला नाहीतर पहिला मजला मिळाला तरच घ्या. रो हाऊस छान दिसतं पण बेडरूम वर असतात, ते लक्षात ठेवा.

बरं आता एरिया, कारण शेवटी तुम्हाला तेच हवं असतं. अंबडला नोकरी असेल तर पाथर्डी फाटा, इंदिरानगर, सिडको, कामटवाडे. सातपूरला असेल तर अशोकनगर, शिवाजीनगर, आनंदवलीची बाजू. रेल्वेने जाणारं-येणारं कुणी असेल तर नाशिकरोड स्टेशनच्या बाजूचं जेल रोड किंवा उपनगर (हे एरियाचं नावच आहे), उगाच रोज द्वारका ओलांडायला लागेल असं घर घेऊ नका, त्या चौकात आयुष्य जातं. गंगापूर रोड, कॉलेज रोड, महात्मानगर सुंदर आहे पण भाडं तसंच आहे. नदीकाठचं काही बघत असाल तर पूररेषा विचाराच, गोदेला २००८, २०१६, २०१९ असे मोठे पूर आलेत आणि नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं त्यावर अख्खं गाव पुराचा अंदाज घेतं, तेव्हा जवळपासच्या जुन्या माणसाला विचारलं की तो बरोबर सांगतो पाणी कुठपर्यंत आलं होतं.

आता कागदाचं, यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथे आम्ही मार खाल्लाय. त्या पाथर्डी फाट्याच्या घराला चाळीस हजार डिपॉझिट होतं. मालक म्हणाले रजिस्टर वगैरे कशाला, नोटरी करू, खर्च वाचेल. आम्ही हो म्हटलं. सोडताना रंगाचे आणि भिंतीच्या ओलीचे म्हणून बावीस हजार कापले, आणि ती ओल आम्ही राहायला यायच्या आधीपासून होती हो, गच्चीचं पाणी झिरपायचं, पण आमच्याकडे एक फोटो नाही आणि कागदावर एक ओळ नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, त्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी पाहिजे आणि रजिस्टर पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही. अकरा महिन्यांचा असला तरी रजिस्टर करावाच लागतो, अकरा महिन्यांना लागत नाही हा इथे मोठा गैरसमज आहे. रजिस्टर नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, मालकाला उलट सिद्ध करावं लागतं. हे मला तेव्हा माहीत असतं तर. आणि खर्च म्हणाल तर पंधरा हजार भाडं, पन्नास हजार डिपॉझिट, अकरा महिने धरले तर पाव टक्क्याने स्टँप ड्युटी सव्वाचारशेच्या आसपास येते, आणि शहरात रजिस्ट्रेशन फी हजार रुपये. वर एजंटची फी. एवढ्यासाठी चाळीस-पन्नास हजार उघड्यावर ठेवायचे का?

करारात लिहून घ्या की रंगाचे पैसे कापणार की नाही, मेंटेनन्स कोण भरणार, सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल जो जादा चार्ज लावते तो कुणाकडे. चावी घेतानाच प्रत्येक खोलीचा, बाथरूमच्या छताचा, सिंकच्या खालचा व्हिडिओ काढा, मालकाला त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर पाठवा. महावितरणच्या मीटरचं रीडिंग पण. पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्या, त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही.

आत्ताच्या घराचा करार घरीच झाला, माणूस लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन आला होता. आई साक्षीदार. त्यांचा अंगठा चार वेळा लागला नाही, इतकी वर्षं राखेने भांडी घासून रेषाच पुसट झाल्यात. हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून आल्या, पाचव्यांदा लागला. हे घर त्यांनीच पास केलंय. इंदिरानगरला, पहिला मजला. बघायला गेलो तेव्हा त्या सगळ्या खोल्या फिरल्या नाहीत, किचनमध्ये गेल्या, नळ सोडून पाणी ओंजळीत घेऊन प्यायल्या, मग शेजारच्या काकूंचं दार वाजवून वीस मिनिटं आत बसून आल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, घ्या. आता सकाळी पूर्वेच्या बाल्कनीत मटार सोलायला त्या आणि त्या काकू दोघी बसतात.

परवा मावसबहिणीचा फोन आला होता, हाच प्रश्न. शनिवारी दोन फ्लॅट बघायला येतायत दोघं, तिचे सासरे पण इथेच राहणार आहेत. मी म्हटलं, शुक्रवारी रात्रीच या मुक्कामाला, त्यांनाही घेऊन या, सकाळी साडेसहाला आपण सगळे मिळून जाऊ.