तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रेडिंगला किती स्क्रीन, कोणतं कार्ड?

सोयाबीनचा पैसा हाती आला, की आमच्या हिंगणघाटकडे हा प्रश्न वाढतो. "भाऊ, ट्रेडिंगले सहा स्क्रीन लावाच्या हायेत, कोणतं ग्राफिक कार्ड टाकू?" कॉम्प्युटर बसवणं हाच माझा धंदा, त्यामुळे गिऱ्हाइकाला नाही म्हणायचा प्रश्न येत नाही. पण मी आधी उलट विचारतो, "सहा स्क्रीनवर पाहशील काय बाबू?" एकावर चार्ट, दुसऱ्यावर ऑर्डर आणि ऑप्शन चेन (ठरल्या भावानं घेण्या-विकण्याच्या हक्कांची भावयादी), तिसऱ्यावर बातम्या. चौथीपाशी गाडी अडते.

जिनिंगवाल्यांचं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखानदारांचं, तसं नसतं. त्यांना एका स्क्रीनवर न्यूयॉर्कचा कापूस लागतो, तोही सेंट प्रति पौंडात. दुसरीवर एमसीएक्स या बाजारातला कापसाचा वायदा (पुढच्या तारखेचा सौदा) आणि एनसीडीईएक्स या दुसऱ्या वायदे बाजारातली सरकी ढेप, जिचा डिलिव्हरीचा मुख्य अड्डा आपलं अकोलाच आहे. तिसरीवर हिशेबाचं टॅली, कारण गेटवर गाड्या उभ्या असतात. यातलं काहीच झाकून चालत नाही. सोयाबीन-हरभऱ्याचे वायदे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं डिसेंबर २०२१ मध्ये बंद केले, तेव्हा उलट त्यांची एक खिडकी कमी झाली. आणि सेबीचाच एक आकडा, सप्टेंबर २०२४ चा: शेअर बाजाराच्या फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या साध्या माणसांपैकी ९३ टक्के लोक तीन वर्षांत तोट्यात गेले. स्क्रीन कमी पडल्या म्हणून गेले असं काही त्यात लिहिलेलं नाही.

आता कार्ड, म्हणजे स्क्रीनवर चित्र पाठवणारा कॉम्प्युटरमधला भाग. पोरं गेमिंगचं कार्ड मागतात. चार्टवरच्या भावाच्या लाल-हिरव्या कांड्या (कँडल) काढायला त्याची काही गरज नाही. चार्ट अडकतो तो बहुतेक वेळा रॅम कमी म्हणून किंवा ब्राउझरमध्ये पंचवीस टॅब उघडे म्हणून. १६ जीबी रॅम टाका. कार्डाच्या बाबतीत ताकद बघू नका, मागची भोकं, म्हणजे स्क्रीन जोडायचे पोर्ट, मोजा. इंटेलच्या साध्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्सच तीन स्क्रीन चालवतं, मदरबोर्डवर तेवढे पोर्ट असले म्हणजे झालं. फक्त प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर आत ग्राफिक्स नाही, मग कार्ड घ्यावंच लागतं. दुकानदार स्वस्त म्हणून हाच प्रोसेसर गळ्यात मारतात.

खरोखर चार स्क्रीन हव्या असतील तर एनव्हिडियाचं टी६०० किंवा टी१००० बघा. दोन्हीला चार मिनी डिस्प्लेपोर्ट आहेत. टी४०० ला तीनच, हे बिल फाडायच्या आधी बघा. ही कार्डं ३० ते ५० वॉटमध्ये भागवतात, पॉवर सप्लायमधून वेगळी वायर लागत नाही. जीटी ७१० अजून बाजारात फिरतं, पण त्या पिढीला नेहमीचे नवे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) मिळणं २०२१ मध्येच थांबलं. आणि एचडीएमआय स्प्लिटर आणून 'दोन स्क्रीन झाल्या' म्हणू नका. तो एकच चित्र दोन ठिकाणी दाखवतो. कार्ड बसवल्यावर मदरबोर्डच्या पोर्टवरची स्क्रीन काळी पडली तर घाबरू नका. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) आतलं ग्राफिक्स चालू ठेवायची सेटिंग असते, ती शोधा.

जिनिंगच्या ऑफिसात मात्र कार्डाच्या पंख्याकडे लक्ष द्या. सीझनमध्ये झाकण उघडलं की पात्यांवर रुईचा असा थर निघतो, की बोटांनी ओढून निरांजनाची वात वळावी. पंखा जाम, कार्ड तापलेलं, आणि मालक म्हणतो विंडोज खराब आहे. अशा ठिकाणी बिनपंख्याचं कार्ड मिळालं तर तेच घ्या, नाहीतर महिन्यातून एकदा ब्लोअर मारा.

मॉनिटरमध्ये २४ इंची फुल एचडी, आयपीएस पॅनल. बाजूच्या स्क्रीनकडे तिरपं बघावं लागतं, म्हणून आयपीएस. २७ इंच घ्यायचा तर २५६० बाय १४४० चा, कारण फुल एचडीत तेवढ्या आकाराला अक्षरं फाटल्यासारखी दिसतात. काही जण ४३ इंची फोर-के एकच लावतात. हिशेब बरोबर आहे: साडेएकवीस इंची चार फुल एचडी, मध्ये पट्टी नाही, केबल एक. पण पोर्ट जुना एचडीएमआय १.४ असेल तर ३० हर्ट्झच मिळतात, म्हणजे सेकंदाला ३० वेळाच चित्र बदलतं, आणि माऊस ओढल्यासारखा चालतो. चकचकीत पडद्याचा मॉनिटर घेऊ नका, आपल्या खोल्यांत दार उघडं असतं आणि दुपारी त्यात अंगणच दिसतं. कूलरचा झोत थेट मॉनिटरवर नको.

आणि लाइट. गावात स्क्रीनचा आकडा हीच ठरवते. २४ इंची मॉनिटर साधारण २०-२५ वॉट खातो. सहाचे झाले दीडशे, वर कॅबिनेट. दुकानातला ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॉटचा, आणि तोही काही मिनिटांपुरता. बाजार सव्वानऊ ते साडेतीन, लाइट जायचीही तीच वेळ. दोन मॉनिटर आणि बरा इन्व्हर्टर, यातच पैसा घाला. राउटर आधी बॅटरीवर घ्या. सौदा टाकला की स्टॉप लॉसची (ठरल्या तोट्यावर सौदा आपोआप बंद करायची) ऑर्डर लगेच टाका. ती तुमच्या स्क्रीनवर अवलंबून नसते.

जुने ऑफिसवाले मॉनिटर नागपूरहून आणायला माझी ना नाही. उंची कमी-जास्त होणारा स्टँड आणि डिस्प्लेपोर्ट त्यांत बहुधा असतो. पूर्ण पांढरी आणि पूर्ण काळी स्क्रीन लावून बघा, डाग किंवा पिवळेपणा तिथे कळतो. आणि मला फोन करण्याआधी कॅबिनेटच्या आणि मॉनिटरच्या मागच्या बाजूचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाका. निम्म्या लोकांना कार्ड लागतच नाही.