आतल्या दारांना आणि चौकटींना कुठला रंग? माझा अनुभव

भिंतींचा रंग आमच्याकडं चहा पिता पिता ठरला, ऑफ व्हाईट, विषय संपला. खरा राडा झाला तो आतली दारं, चौकटी आणि खिडक्यांच्या पट्ट्यांवरून. घर कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं, जुनं, भिंती मातीच्या आणि त्यावर नंतर कधीतरी सिमेंटचा गिलावा केलेला, दारं सागवानी, पण दर काही दिवाळ्यांनी वरून ऑईल पेंट मारून मारून आत सागवान आहे हे पाहुण्यांना तोंडानं सांगायला लागायचं. आईचं म्हणणं, पहिल्यासारखा चॉकलेटी द्या, मळ दिसत नाही. बायकोनं मोबाईलवर फोटो साठवलेले, त्यात सगळं पांढरंशुभ्र, चौकट पांढरी, दार पांढरं, खिडकी पांढरी. मी मधी.

येणारा जाणारा प्रत्येकजण एकच सांगायचा, सागवान हाय राव, रंग कसला लावताय, खरडून पॉलिश करा. बोलायला सोपं आहे. एवढे थर काढायचे तर ब्लो लॅम्पनं जाळायचे नाहीतर रिमूव्हर लावून खरडत बसायचं, आणि जुन्या ऑईल पेंटमधे शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) वर नको हा नियम आपल्याकडं १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, आमचे खालचे थर तर माझ्या लहानपणीचे. घरात छोटी पोरगी, तिचा हात सारखा तोंडात, म्हणून जाळणं बाद आणि कोरडं घासणंही बाद. पेंटर मामांना सांगितलं, पाणी मारून वॉटर पेपरनंच घासायचं, खाली प्लास्टिक टाकायचं आणि लगदा गोळा करून बाजूला ठेवायचा. मामा जरा हसले, पण केलं तसं. पॉलिश फक्त मेन दाराला, ते नशिबानं कधी रंगवलंच नव्हतं.

कामाला हात घातला तो दिवाळी झाल्यावर. दसरा-दिवाळीच्या आधी चांगला पेंटर मिळत नाही, आणि पावसाळ्यात कोल्हापुरात दारं फुगलेली असतात, त्यावर रंग मारायचा म्हणजे ओल आत कोंडायची, शिवाय ऑईल पेंट वाळता वाळत नाही. सुतारालाही आधी बोलवून घासणाऱ्या दारांना रंधा मारून घेतला, कारण वर रंगाचा नवीन हात बसल्यावर फट अजून कमी होणार, आणि रंगवलेल्या दाराला रंधा मारला की रंगाचं वाटोळं.

आता रंगाचं. लक्ष्मीपुरीत दुकानात गेलं की पहिला प्रश्न, तयार शेड पायजे का मशीनची. तयार शेड म्हणजे आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या, गोल्डन ब्राऊन, स्मोक ग्रे, डीए ग्रे, फिरोजी, पीओ रेड. अर्ध्या शाळांची दारं आणि सगळ्या सरकारी ऑफिसांच्या ग्रिल यातनंच निघाल्यात. मशीनवर मिसळून देतात त्या हजारभर शेड, आणि तिथंच माणूस गार होतो. कार्डवरचा ठिपका नखाएवढा, त्यावरून पूर्ण दार कसं दिसेल हे डोळे मिटूनही कळत नाही. त्यात कार्ड आपण दिव्याखाली आडवं धरून बघतो आणि दार असतं उभं, त्यामुळं तोच रंग घरात गडद वाटतो.

गाडी पुढं सरकली ती मामांमुळं. आमची पांढऱ्या चौकटी का चॉकलेटी ही वादावादी ऐकत ते बिडी विझवून उठले, पिशवीतनं ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) काढला आणि बेडरूमच्या चौकटीशेजारी भिंतीला लावला. वर दोरी भिंतीला चिकटलेली, खाली दोन बोटं लांब. म्हणाले, "चौकट पांढरी मारा न्हाईतर काळी मारा, भिंतीपेक्षा येगळी मारली की ही रेग वाकडीच दिसणार बघा. दाराची कड मातुर सुतारानं सरळ काढलीया."

मला तिथं सगळं उलगडलं. आम्ही रंग कुठला यावर भांडत होतो, फरक कुठं दाखवायचा हे कुणी विचारातच घेतलं नव्हतं. दार, चौकट, भिंत, तिघांमधे दोन रेघा येतात. चौकट भिंतीच्या रंगाची केली तर भिंतीकडची वाकडी रेघ गपगुमान जाते आणि नजर दाराच्या सरळ कडेवर थांबते. फोटोतल्या पांढऱ्या चौकटी रंगीत भिंतींवर शोभतात कारण ती घरं नवीन, पीओपी केलेली, कोपरा न् कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. आमच्या मातीच्या भिंतीला तसला शौक परवडत नाही. मग ठरलं, चौकटी आणि पट्ट्या भिंतीच्याच ऑफ व्हाईटमधे पण पुसता येणारा सॅटिन (कमी चकाकीचा) इनॅमल, आणि दारं गडद. आईला चौकट दिसायला पायजे होती, तिला मेन दाराची पॉलिशची चौकट दिली. तिथला उंबरा तसाच ठेवला, हळदीकुंकू रोज लागतं तिथं रंग काय टिकणार, नुसतं जवसाचं तेल पाजलं.

गडद म्हणजे कुठला, तर बाहेरच्या खोलीत शहाबादी फरशी आणि आतल्या खोल्यांत क्रीम टाईल्स, दोन्हीबरोबर चालणारा. छोटे डबे आणले, प्लायच्या तुकड्यांना प्रायमर मारून दोन-दोन हात दिले आणि ते तुकडे चौकटीला टेकवून उभे ठेवले, सकाळी, दुपारी आणि लाईट लावून बघायला. लाईट लई महत्त्वाची. आमच्या बाहेरच्या खोलीत पांढरी ट्यूब, साडेसहा हजार केल्विनवाली, तिच्यात राखाडी रंग निळा मारायला लागला, तोच तुकडा बेडरूमच्या पिवळ्या बल्बखाली मळकट. चॉकलेटी शहाबादीवर नुसता जड. शेवटी राखाडीकडं झुकणारा हिरवा दोन्हीकडं नीट राहिला, बायकोही हो म्हणाली, आई म्हणाली शेवाळासारखा आहे पण असू दे.

ग्लॉसी का सॅटिन हा प्रश्न माझ्या मते शेडपेक्षा मोठा आहे. पेंटर लोकांचा हात ग्लॉसीकडं जातो, चकाकलं की काम झाल्यासारखं दिसतं. पण जुन्या दारावर लांबी (पुट्टी) कितीही भरा, चकाकीत प्रत्येक खड्डा उठून दिसतो. सॅटिनला पैसे थोडे जास्त गेले आणि खड्डे निम्मे दिसेनासे झाले. चौकटींना मी पाण्यावरचं इनॅमल घेतलं, ऑईलवालं पांढरं काही वर्षांत पिवळं पडतं, अंधाऱ्या बोळात तर आधी. सागवानाचा तपकिरी डाग पांढऱ्यातनं वर येतो म्हणून जिथं लाकूड उघडं पडलं होतं तिथं खाली ऑईल प्रायमर, गाठींवर चपड्याचा (लाखेचा) हात.

स्वयंपाकघराचं दार दोन रंगांचं करायचं होतं, आतून फिकं. तर कड कुठल्या रंगाची? दार ज्या खोलीत उघडतं त्या खोलीचा रंग कडीकडच्या कडेला, दुसऱ्या बाजूचा बिजागरीकडच्या कडेला, दार उघडं असलं की नजरेला पडतं ते असंच. पण वर्षाची चटणी करताना लाल हातानं ते दार किती वेळा ढकललं जातं हे आठवून फिकं रद्द केलं.

अजून एक, दारं बिजागरीतनं उतरवून वरच्या-खालच्या कडा रंगवून घ्या. दिसत नाहीत म्हणून सोडतात आणि पावसात पाणी तिथनंच वर चढतं. मशीनचे दोन डबे आणले तर दोन्ही एका बादलीत एकत्र करून वापरायला लावा, थोडा फरक पडतोच. झाकणावरच्या कोडच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवलाय, टचअपला लागेल. बाथरूमची दारं पीव्हीसीची, त्यांना हात लावला नाही.