तुम्ही विचारलंत म्हणून : गाण्यासाठी आणि गेमसाठी एकच हेडफोन

ध्वनिमुद्रणाच्या कामात असलेल्या माणसाला नातेवाईक, शेजारी आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुले हटकून एक प्रश्न विचारतात. गाणी ऐकायची आहेत आणि गेमही खेळायचे आहेत, तर कान पूर्ण झाकणारा पण खिशाला परवडणारा हेडफोन कोणता घ्यावा? परवडणारा म्हणजे साधारण दोन ते सहा हजार रुपयांपर्यंतचा, असे मी धरून चालतो. माझे उत्तर ऐकून मुलांचा बहुधा हिरमोड होतो, कारण मी त्यांना दिव्यांची रोषणाई असलेले, ‘गेमिंग’ असे ठळक छापलेले खोके बाजूला ठेवायला सांगतो आणि तारेचा, बंद कपांचा, स्टुडिओत वापरतात त्या धाटणीचा साधा हेडफोन घ्यायला सुचवतो. माईक वेगळा घ्यावा, असेही त्यात येते.

गाण्याला एक हेडफोन आणि गेमला दुसरा लागतो, ही समजूत मुख्यतः विक्रीच्या सोयीसाठी रुजवलेली आहे. गोळीबाराच्या गेममध्ये शत्रूच्या पावलांचा आवाज कोणत्या बाजूने आला हे कळणे महत्त्वाचे असते, आणि या पावलांतला ओळखू येणारा बारीक भाग मध्यम आणि त्यावरच्या पट्टीत असतो. खालच्या पट्टीतला मोठा आवाज हा त्याच्यापेक्षा वरच्या पट्टीतले हलके आवाज झाकून टाकतो. हा कानाच्या रचनेचाच गुणधर्म आहे आणि ध्वनिशास्त्रात त्याला मास्किंग म्हणतात. स्फोट दणदणीत वाटावेत म्हणून ज्या हेडफोनमध्ये बास फुगवलेला असतो, त्यात नेमकी पावले बुडतात. गाण्यातही हेच घडते, फक्त तेथे पावलांऐवजी गायकाचा श्वास किंवा सतारीची मींड बुडते.

म्हणून दुकानात हेडफोन ऐकून पाहायची संधी मिळाली, तर मी सोबत न्यायला दोन गोष्टी सांगतो : तबल्याचा एखादा स्वच्छ ध्वनिमुद्रित पेशकार (वादनाच्या सुरुवातीची संथ रचना) आणि नुसता तंबोरा. ‘धा’ हा बोल दोन्ही हातांनी एकाच वेळी वाजतो. त्यात डग्ग्याची घुमारी आणि तबल्याच्या चाटीवरची, म्हणजे कडेवरची, टणक आस ही दोन्ही वेगवेगळी ऐकू आली पाहिजेत. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेल्या घिश्शात स्वर खालून वर चढतो. फुगलेल्या बासच्या हेडफोनमध्ये हा चढ ऐकू येत नाही, नुसताच ‘धप’ असा एकसुरी ठोका मिळतो. तंबोऱ्याची परीक्षा वरच्या पट्टीसाठी असते. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर आणि खर्ज त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास असतो, परंतु प्रत्यक्षात कानी पडतो तो मुख्यतः जवारीने (तारांखालच्या घोडीच्या घडणीने) उठवलेला वरच्या अंशस्वरांचा, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या उंच स्वरांचा, झोत. हा झोत सलग उलगडत गेला पाहिजे. तो किरकिरा होऊन टोचू लागला, तर त्याच हेडफोनवर गेममधल्या गोळ्यांचे आवाजही अर्ध्या तासात डोके उठवतील. जो हेडफोन या दोन परीक्षांत उतरतो, तो गेमला कमी पडलेला मी पाहिलेला नाही.

आवाजाइतकेच, किंबहुना या किमतीत त्याहून अधिक, महत्त्व बसण्याला आहे. कान गादीच्या आत पूर्ण मावला पाहिजे आणि पाळीचा कोणताही भाग आतल्या जाळीला टेकता कामा नये. दुकानात किमान पंधरा मिनिटे तो डोक्यावर ठेवावा, कारण टाळूवरचा दाब पहिल्या दोन मिनिटांत जाणवत नाही. गाणे चालू असताना दोन्ही कप तळहातांनी हलकेच आत दाबून पाहावेत. दाबल्यावर बास एकदम वाढला, तर गादी तुमच्या चेहऱ्याला नीट चिकटत नाही आणि खालचे स्वर फटीतून बाहेर जात आहेत, असे समजावे. चष्मा लावणाऱ्यांनी ही चाचणी चष्म्यासकटच करावी, कारण फट काडीमुळेच पडते. अशांना मऊ, जाड गादी आणि बेताचा दाब हाच खरा निकष ठरतो. वजन अडीचशे ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. तीनशेच्या वर गेले की रात्रीच्या लांबलेल्या सामन्यात मान बोलू लागते.

बंद कपांचा आग्रह मी का धरतो, हा खुल्या कपांच्या चाहत्यांचा आक्षेप योग्य आहे. सेनहायझरने १९६८ साली एचडी ४१४ हा खुल्या पाठीचा हेडफोन बाजारात आणला, तेव्हापासून या रचनेचा ऐसपैस, डोक्याबाहेर पसरल्यासारखा वाटणारा आवाज अनेकांना भुरळ घालत आला आहे, आणि गेममध्ये दिशा ओळखायलाही तो उपयोगी पडतो. पण खुला कप आवाज आत आणि बाहेर दोन्हीकडे जाऊ देतो. आपल्याकडे वर्षातले आठ-नऊ महिने डोक्यावर पंखा फिरत असतो, खिडकीखाली रिक्षा असतात, शेजारच्या खोलीत मालिका चालू असते आणि त्याच खोलीत कोणीतरी दहावीचा अभ्यास करत असते. या सगळ्यावर मात करायला ऐकणारा आवाज वाढवतो, आणि खुल्या कपांचा फायदा तेथेच संपतो. ज्यांना रात्री शांत, स्वतंत्र खोली मिळते त्यांनी खुला किंवा अर्धखुला हेडफोन अवश्य घ्यावा. बाकीच्यांनी घेऊ नये.

तारेबद्दल मी अधिक ठाम आहे. साध्या ब्लूटूथमधून आवाज कानापर्यंत पोचायला दीड-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो. सिनेमा पाहताना तो जाणवत नाही, कारण प्लेअर चित्र तितकेच मागे ठेवून मेळ घालतो. गेममध्ये चित्र तुमच्या बोटांच्या हुकमाने त्या क्षणी घडत असते, त्यामुळे ते मागे ठेवता येत नाही. सेकंदाला साठ चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद टिकते, म्हणजे बंदुकीचा बार दहा-बारा चित्रे उशिरा ऐकू येतो. शिवाय ब्लूटूथवर माईक सुरू केला की बहुतेक स्वस्त जोड्या फोनवरच्या संभाषणाच्या पद्धतीवर जातात आणि संगीत एकाएकी जुन्या टेलिफोनमधून येत असल्यासारखे सपाट होते. यूएसबी डोंगलवर २.४ गिगाहर्ट्झने चालणारे गेमिंग हेडसेट या उशिरातून सुटतात, पण त्याच किमतीत बॅटरी, रेडिओ आणि माईक हे सर्व बसवायचे असल्याने काटछाट कशात होते, हे सांगायला नको. फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सीचा छोटा डॅक डोंगल (फोनमधला डिजिटल आवाज हेडफोनला चालेल असा करून देणारा जोड) स्वस्तात मिळतो आणि तो पुरेसा असतो.

खोक्यावरच्या आकड्यांपैकी बहुतेकांकडे दुर्लक्ष केले तरी चालते. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हे जवळपास प्रत्येकावर छापलेले असते. त्या पल्ल्यात आवाज किती डेसिबलने वरखाली होतो हे सांगितलेले नसेल, तर त्या आकड्याला अर्थ नाही. ५० मिलिमीटरचा ड्रायव्हर (कपातला आवाज निर्माण करणारा भाग) ४० मिलिमीटरच्या ड्रायव्हरपेक्षा आपोआप चांगला ठरत नाही. पाहायचाच तर ओहम, म्हणजे हेडफोनचा विद्युत अडथळा सांगणारा, आकडा पाहावा. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा मॉडेल ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळत आला आहे. आपल्या अंदाजपत्रकाबाहेरचा असला तरी उदाहरण म्हणून तो उपयोगी आहे : दिसायला सारखाच, पण २५० ओहमचा प्रकार फोनला लावला तर आवाज दबलेला येतो. साध्या लॅपटॉप-फोनवर वाजवायचा असेल तर साठ-पासष्ट ओहमच्या आत राहणे सोयीचे.

‘७.१ सराउंड’ या छापाचा उलगडाही येथेच करतो. बहुतेक हेडसेटमध्ये दोन कानांसाठी दोनच ड्रायव्हर असतात. उरलेला सगळा भास सॉफ्टवेअरचा असतो. आवाज कोठून आला हे मेंदू तो दोन्ही कानांवर पोचण्यातल्या मिलिसेकंदाहूनही कमी फरकावरून, दोन्हींकडच्या कमीजास्त जोरावरून आणि पाळीच्या घड्यांनी बदललेल्या पोतावरून ओळखतो. हे गणित साध्या स्टीरिओ हेडफोनवरही मांडता येते. व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये त्यासाठी वेगळी सोय आहे, आणि विंडोजमध्ये विंडोज सोनिक विनामूल्य मिळते. मात्र गेमची सोय, विंडोजची सोय आणि हेडसेटचे सॉफ्टवेअर ही तिन्ही एकावर एक चढवली की दिशा कळेनाशी होते. एकच चालू ठेवावी.

आता नावे. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स मी सर्वांत जास्त वेळा सुचवला आहे : ४७ ओहम, १९० ग्रॅम, डाव्या कपातून निघणारी तीन मीटरची तार. बास थोडा झुकता आहे, पण तबल्याच्या परीक्षेत तो उतरतो. त्याची उणीव म्हणजे तार काढता येत नाही आणि गादी फार खोल नाही, त्यामुळे मोठ्या कानांच्या माणसांची पाळी आत टेकते. त्याच तोलाचा, पण अधिक सौम्य हवा असेल तर एकेजीचा के७२ पाहावा. शांत खोलीवाल्यांसाठी सुपरलक्सचा एचडी ६८१ किंवा सॅमसनचा एसआर८५० हे अर्धखुले हेडफोन किमतीच्या मानाने थक्क करणारे आहेत, मात्र दोन्हींची वरची पट्टी तिखट आहे. मुलगा माईकवालाच हेडसेट हवा म्हणून अडून बसला, तर हायपरएक्सचा क्लाउड २ हा सन्माननीय अपवाद आहे. मूळ टकस्टारच्या प्रो ८० या स्टुडिओ हेडफोनवर बेतलेला असल्यामुळे त्यावर गाणेही नीट ऐकता येते. किमती महिन्यागणिक हलतात, म्हणून आकडा देत नाही. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारावे आणि ऑनलाइनशी ताडून पाहावे. बिल मात्र पक्केच घ्यावे, कारण नामांकित स्टुडिओ हेडफोनच्या नकला हुबेहूब खोक्यात मिळतात.

तिखटपणा किंवा फुगलेला बास हा थोडाफार दोष फुकटात सुधारता येतो. विंडोजवर इक्वलायझर एपीओ हे आवाजाच्या पट्ट्या कमीजास्त करणारे विनामूल्य सॉफ्टवेअर बसवावे आणि ऑटोइक्यू या प्रकल्पात आपल्या मॉडेलचे तयार मोजमाप शोधावे. शेकडो हेडफोनची दुरुस्ती तेथे दिलेली आहे. एखादी पट्टी वाढवली, तर एकूण पातळी तितकीच खाली आणायला विसरू नये, नाही तर आवाज फाटतो.

आपल्या हवेत या वस्तूंचा खरा शत्रू आवाजात नसून गादीत असतो. कृत्रिम चामड्याचे पॉलियुरेथेन दमट हवेत आणि घामात हळूहळू विघटित होते. मुंबईत आणि कोकणात दोन पावसाळे झाले की गादीला बारीक चिरा पडतात, मग काळे पापुद्रे गालाला आणि उशीला चिकटू लागतात. म्हणून गादी काढून बदलता येते का आणि तिचा सुटा जोड बाजारात मिळतो का, हे खरेदीपूर्वीच विचारावे. वापरून झाल्यावर कोरड्या कापडाने घाम टिपावा आणि पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी टाकून डब्यात ठेवावा. मखमली गादी या दुखण्यातून सुटते, पण बंद कपांवर ती बसवली की बास थोडा गळतो.

पालक हमखास विचारतात तो भाग आवाजाच्या पातळीचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबलला आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावे, आणि मुलांसाठी तीच मर्यादा ७५ डेसिबल आहे. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो : ८३ ला २० तास, ८६ ला १०. बंद कप नीट बसलेले असले की पंख्याखालीही आवाज कमी ठेवता येतो. रोज तीन तास गेम आणि दोन तास गाणी असा कार्यक्रम असलेल्या मुलाच्या बाबतीत ही बाब हेडफोनच्या नावापेक्षा मोठी आहे.

राहिला माईक. सोबत्यांशी बोलण्यासाठी कॉलरला लावायचा तारेचा साधा माईक काही शेकड्यांत मिळतो आणि ओठांपासून वीतभर अंतरावर राहिल्यामुळे लॅपटॉपच्या माईकपेक्षा कितीतरी स्वच्छ ऐकू जातो. लॅपटॉपला एकच जॅक असेल, तर हेडफोन आणि माईक वेगवेगळे करणारी वाय आकाराची जोडतार लागते. ती घेताना लॅपटॉपकडच्या पिनेवर तीन काळ्या रेघा आहेत ना, हे पाहावे. दोनच असतील तर ती केवळ दोन हेडफोन जोडायची तार असते, आणि तुमचे बोलणे पलीकडे पोचत नाही.