उरलेल्या भाकरीचं काय करतात?

एखाद्या चर्चची शिकवण झटपट ओळखायची असेल तर प्रवचनापेक्षा उपासनेनंतरची आवराआवर बघावी. कम्युनियन (प्रभुभोजनाचा विधी) झाल्यावर उरलेल्या भाकरीचं आणि द्राक्षारसाचं काय होतं, एवढं पाहिलं तरी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वादाचा अर्धा भाग समोर येतो.

कॅथलिक मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, उरलेले होस्ट (भाकरीच्या पातळ चकत्या) टॅबरनॅकल नावाच्या कुलूपबंद पेटीत ठेवतात. जवळ दिवा तेवत असतो, पुढून जाणारा गुडघा टेकतो. द्राक्षारस सहसा ठेवत नाहीत, तिथेच पिऊन संपवतात. मग धर्मगुरू तबकडीवरचे कण प्याल्यात सारतो, प्याला पाण्याने विसळतो आणि ते पाणी स्वतः पितो. कण सांडू नयेत म्हणून एवढी दक्षता, कारण त्यांच्या श्रद्धेनुसार प्रत्येक कणात पूर्ण ख्रिस्त आहे. बऱ्याच बॅप्टिस्ट मंडळ्यांत मात्र उरलेला ब्रेड म्हणजे ब्रेडच. तो आदराने घेतला गेला, काम झालं, आता तो कुणीही खाऊ शकतो. अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) लोकांच्या 1662 च्या प्रार्थनापुस्तकात मधली वाट आहे: जी भाकर पवित्र केलेलीच नाही ती धर्मसेवकाने घरी न्यावी, जी पवित्र केली ती मात्र चर्चबाहेर जाऊ नये, आशीर्वादानंतर लगेच तिथेच धर्मगुरूने आणि त्याने बोलावलेल्यांनी आदराने संपवावी. ल्यूथरन लोकांत (जर्मन सुधारक मार्टिन ल्यूथरच्या अनुयायांत) दोन-तीन पद्धती दिसतात, आणि त्यावरून त्यांच्यात आपसात वादही होतात.

मुळात प्रश्न असा, की ‘हे माझे शरीर आहे’ या वाक्यानंतर समोर काय असतं? 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने आणि पुढे 1551 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने कॅथलिक उत्तर पक्कं केलं: रंग, चव, वास भाकरीचेच राहतात, पण मूळ द्रव्य बदलून ख्रिस्ताचं शरीर होतं. ल्यूथरला ही ॲरिस्टॉटलची परिभाषा पटत नव्हती, पण ख्रिस्ताचं शरीर तिथे खरोखर आहे यावर तो हटून बसला. भाकर भाकरच राहते आणि तिच्यासह, तिच्यात, तिच्याखाली शरीरही असतं, असं ल्यूथरन सांगतात. झुरिकचा सुधारक झ्विंग्ली याचं म्हणणं, हे स्मरण आहे. ‘आहे’ म्हणजे ‘दर्शवते’. जिनिव्हाचा सुधारक काल्विन मध्ये उभा राहिला: ख्रिस्ताचं शरीर स्वर्गात आहे, पण पवित्र आत्मा विश्वासणाऱ्याला त्याच्याशी खरोखर जोडतो.

ऑक्टोबर 1529 मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली समोरासमोर बसले. ल्यूथरने ते वाक्य लॅटिनमध्ये खडूने टेबलावर लिहून ठेवलं आणि त्यावरून तो हलला नाही. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झालं. पंधराव्यातही बराच भाग जुळला, फक्त हा एक मुद्दा सोडून. म्हणून ‘प्रोटेस्टंटांच्या मते प्रभुभोजन हे फक्त प्रतीक आहे’ असं कुणी म्हणालं की विचारावं, कुठले प्रोटेस्टंट? ल्यूथरनांना हे वाक्य ऐकवलं तर ते कॅथलिकांपेक्षा जास्त चिडतील.

खरं तर सोळाव्या शतकात याहून मोठी ठिणगी पडली ती दुसऱ्याच मुद्द्यावर: मिस्सा हे अर्पण आहे का? ट्रेंटने 1562 मध्ये ‘आहे’ असं सांगितलं. याचा अर्थ ख्रिस्ताला पुन्हा मारतात असा लावला जातो, पण तशी कॅथलिक शिकवण नाही. क्रूसावरचं एकच अर्पण रक्त न सांडता त्या वेदीवर उपस्थित होतं, अर्पण करणाराही ख्रिस्तच आणि अर्पण होणाराही तोच, असं त्यांचं म्हणणं. प्रोटेस्टंट आक्षेपाची धार मात्र नीट पाहिली तर वेगळीच आहे. इब्री लोकांस पत्राच्या नवव्या-दहाव्या अध्यायात ‘एकदाच’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, हे झालं एक. दुसरं म्हणजे दिशा. ल्यूथरने 1520 मध्ये मांडलं की प्रभुभोजन हे मृत्युपत्रासारखं आहे, देवाने माणसाला दिलेलं. वारसाने ते घ्यायचं असतं. तेच उचलून देणाऱ्याला अर्पण करायला निघालं की सगळा व्यवहार उलटा होतो. या मुद्द्यावर भाषा फार कडक झाली. अँग्लिकनांच्या 39 कलमांतलं एकतिसावं कलम याला निंदनीय थोतांड म्हणतं. काल्विनच्या परंपरेतल्या 1563 च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत मिस्सावरचा ऐंशीवा प्रश्न पहिल्या आवृत्तीत नव्हताच. दुसऱ्या आवृत्तीत घातला आणि तिसऱ्यात आणखी तिखट केला.

मिस्सा जिवंतांसाठी आणि मृतांसाठीही अर्पण करता येते, असं म्हटलं की वाद उपासनेतून थेट तारणात, म्हणजे पापातून सुटकेच्या प्रश्नात, शिरतो. मृतांना आता तिची काय गरज? इथून शुद्धिस्थान (मरणानंतर आत्मा शुद्ध होण्याची अवस्था), इंडल्जन्स (पापाच्या उरलेल्या शिक्षेत सूट) आणि शेवटी ‘माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो’ हा गाभ्याचा प्रश्न.

या गाभ्याबद्दल सर्वांत जास्त खपणारं वाक्य म्हणजे ‘कॅथलिक सत्कर्मांनी तारण मानतात, प्रोटेस्टंट विश्वासाने’. हे चूक आहे. ट्रेंटने जानेवारी 1547 मध्ये या विषयावर सोळा प्रकरणं आणि तेहेतीस नियम मंजूर केले, त्यातला पहिलाच नियम म्हणतो की ख्रिस्ताच्या कृपेवाचून, नुसत्या स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरता येतं असं म्हणणारा शापित असो. आठवं प्रकरण आणखी पुढे जातं: नीतिमान ठरण्याआधीचं काहीही, मग ते कर्म असो की विश्वास, ती कृपा कमावून देत नाही. सुरुवात निव्वळ कृपेने होते यावर दोन्ही बाजू एकत्र आहेत.

मग बिनसतं कुठे? नीतिमान ठरताना माणसाचं नेमकं काय होतं, इथे.

कॅथलिक क्रम असा: देवाची कृपा आधी हलवते, माणूस तिला होकार देतो, बाप्तिस्म्यात ती कृपा आत ओतली जाते आणि विश्वास, आशा, प्रीती तिच्यासोबत येतात. माणूस खरोखर बदलतो, आणि त्या बदललेल्या माणसाला देव नीतिमान म्हणतो. पुढे कृपेत राहून केलेल्या कृत्यांनी हे नीतिमत्त्व वाढतं. प्राणघातक पाप केलं की ते जातं. त्याला तीन अटी: बाब गंभीर हवी, ती गंभीर असल्याचं पूर्ण ज्ञान हवं आणि स्वतःच्या इच्छेने केलेली हवी. तिन्ही एकत्र नसतील तर पाप असलं तरी कृपा तुटत नाही. तुटलीच तर पापनिवेदन: पश्चात्ताप, धर्मगुरूपुढे पाप सांगणं, मुक्तीचे शब्द, प्रायश्चित्त.

प्रोटेस्टंट क्रमात नीतिमत्त्व आत ओतलं जात नाही, खात्यात जमा होतं. ख्रिस्ताचं नीतिमत्त्व विश्वासणाऱ्याच्या नावावर लागतं, पूर्णच्या पूर्ण, त्याच क्षणी. त्यात पुढे वाढ नाही, कारण ते आधीच पुरं आहे. माणूस आतून बदलतो, पण तो बदल वेगळा, आयुष्यभर चालणारा, आणि देवाचा निकाल त्या बदलावर अवलंबून नाही. म्हणून ल्यूथर म्हणू शकला की विश्वासणारा एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो. कॅथलिक बाजूला हे वाक्य सर्वांत जास्त खुपतं. बाप्तिस्म्यानंतर पापाकडे ओढ उरते हे ट्रेंटला मान्य आहे. पण ती ओढ स्वतःच पाप आहे, हे नाही. ल्यूथरन म्हणतात, आहे. वरवर किरकोळ वाटणारा हा फरकच दोन्ही व्यवस्थांचा कणा आहे, असं माझं मत. ओढच पाप असेल तर मरेपर्यंत कुणीही स्वतःच्या बळावर देवापुढे शुद्ध उभा राहू शकत नाही, मग उसनं नीतिमत्त्व हाच एक आधार. ती पाप नसेल तर आतून खरोखर शुद्ध होणं शक्य आहे, आणि मरताना काम अपुरं राहिलं असेल तर ते पुरं करायला शुद्धिस्थान लागतं.

इथे वचनांची फेकाफेक सुरू होते. एकाने रोमकरांस पत्र 3:28 म्हणायचं, दुसऱ्याने याकोब 2:24. ल्यूथरने 1522 च्या जर्मन नव्या करारात पहिल्या वचनात ‘फक्त’ हा शब्द घातला, जो मूळ ग्रीकमध्ये नाही. आणि ‘फक्त विश्वासाने’ हे शब्द बायबलमध्ये जिथे सापडतात ते एकमेव वचन याकोबाचं, तेही ‘नव्हे’ म्हणून. कॅथलिक वक्ते इथे टाळ्या घेतात. पण मामला तेवढ्यावर मिटत नाही. रोमकरांस पत्र लिहिणारा पौल अब्राहामाचं उत्पत्ति 15 मधलं उदाहरण घेतो, जिथे त्याने नुसता विश्वास ठेवला. याकोबाचा रोख बावीसाव्या अध्यायाकडे, जिथे तो इसहाकाला वेदीवर ठेवतो. शिवाय याकोब ज्या विश्वासाला झोडपतो तो भुतांनाही असतो, असं तोच 2:19 मध्ये सांगतो. ट्रेंटने याकोबाचं वचन दहाव्या प्रकरणात वापरलं, म्हणजे नीतिमत्त्वाच्या वाढीसंदर्भात. प्रोटेस्टंट ते विश्वास खरा असल्याचा पुरावा म्हणून वाचतात. दोघांनाही कर्मं हवीच आहेत. काल्विनच्या परंपरेतलं 1647 चं वेस्टमिन्स्टर विश्वासपत्र स्पष्ट म्हणतं की नीतिमान ठरायला विश्वास हेच एक साधन, पण तो विश्वास माणसात कधी एकटा नसतो.

हे तारण गमावता येतं का, यावर मात्र प्रोटेस्टंट बाजू एक नाही. काल्विनच्या परंपरेत देवाने निवडलेला शेवटपर्यंत टिकतो, 1618-19 च्या डॉर्ट सभेने हे पक्कं केलं. मेथडिस्ट म्हणतात, घसरता येतं. ल्यूथरनही तेच म्हणतात.

इंडल्जन्सबद्दल थोडक्यात, कारण इथे शाळेत शिकलेलं आड येतं. इंडल्जन्स म्हणजे पापाची क्षमा नव्हे. क्षमा पापनिवेदनात आधीच झालेली असते. उरलेली ऐहिक शिक्षा कमी करणं एवढंच त्याचं काम. 1517 मध्ये टेट्झेल या डोमिनिकन संन्याशाने केलेल्या इंडल्जन्सच्या विक्रीत हा फरक विरघळला आणि ल्यूथर उसळला. पोप पायस पाचव्याने 1567 मध्ये पैशांशी जोडलेले इंडल्जन्स रद्द केले. मूळ गोष्ट मात्र आजही चालू आहे: पूर्ण इंडल्जन्स दिवसातून एकच, त्यासाठी नेमलेलं कृत्य, पापनिवेदन, कम्युनियन, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि कुठल्याही पापाची आसक्ती नसणं. शेवटची अट वाचून पाहा. ‘स्वस्तात सुटका’ म्हणणाऱ्यांनी ती बहुधा वाचलेली नसते. प्रोटेस्टंटांचा खरा प्रश्न त्याआधीचा आहे: क्षमा झाल्यावर शिक्षा उरतेच कशी? शुद्धिस्थानाचा एक आधार मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय, आणि ते पुस्तक कॅथलिकांच्या 73 मध्ये आहे, प्रोटेस्टंटांच्या 66 मध्ये नाही. 1519 मध्ये लाइपझिगच्या वादात योहान एक (Eck) या कॅथलिक पंडिताने तेच पुढे केलं आणि ल्यूथरने ते प्रमाण मानायला नकार दिला. पुस्तकांची यादीच वेगळी असेल तर वचनं दाखवून काय होणार!

मूर्ती आणि संतांच्या वादात एक आरोप नेहमी येतो, की कॅथलिकांनी मूर्तींविरुद्धची दुसरी आज्ञा गाळली. गाळलेली नाही. प्राचीन चर्चमधला धर्मपंडित ऑगस्टीन याच्या मोजणीत ती पहिल्या आज्ञेचाच भाग आहे आणि शेवटची लोभाची आज्ञा दोन होतात. ल्यूथरनही अगदी तसंच मोजतात. तेव्हा हा आरोप करण्यात अर्थ नाही. दम असलेला आक्षेप 1 तीमथ्य 2:5 वरचा, की मध्यस्थ एकच आहे. कॅथलिक उत्तर: शेजाऱ्याला ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हणतो तसंच संतांना म्हणतो, आराधना फक्त देवाची, संतांना मान. यावर ल्यूथरनांच्या ऑग्सबर्ग विश्वासपत्राचं एकविसावं कलम शांतपणे म्हणतं की संतांची आठवण ठेवावी, त्यांच्याकडून शिकावं, पण त्यांचा धावा करावा असं शास्त्रात नाही. जपमाळेच्या पन्नास मरिया-प्रार्थनांपुढे ‘शेजाऱ्याला सांगितल्यासारखं’ हे उत्तर जरा तोकडं पडतं, हे कॅथलिकांनीही मान्य करायला हरकत नाही.

31 ऑक्टोबर 1999 ला ऑग्सबर्गमध्येच कॅथलिक चर्च आणि जागतिक ल्यूथरन संघाने नीतिमान ठरवण्यावर संयुक्त घोषणापत्र केलं. पुढे 2006 मध्ये मेथडिस्ट आणि 2017 मध्ये रिफॉर्म्ड (काल्विनच्या परंपरेतल्या) चर्चचा संघही त्यात आले. सोळाव्या शतकातले शाप या घोषणापत्रात मांडलेल्या शिकवणीला लागू होत नाहीत, असं त्यात आहे. सगळं मिटलं असं त्यात नाही. ‘एकाच वेळी नीतिमान आणि पापी’ यावर रोमने 1998 मध्येच हरकत नोंदवली होती, आणि अमेरिकेतल्या मिसूरी सिनडसारखे काही ल्यूथरन यात सामीलच झाले नाहीत.

वेदीपाशी त्याने फारसं बदललं नाही. पाण्याने आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला प्रोटेस्टंट बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं, पुन्हा देत नाही. पण मिस्सामध्ये प्रोटेस्टंटाला कम्युनियन मिळत नाही. चर्च कायद्याच्या 844 व्या नियमात अपवाद आहे: मरणाचा धोका किंवा बिशपने मान्य केलेली गंभीर गरज, शिवाय त्याला स्वतःचा धर्मसेवक गाठता येत नसावा, त्याने स्वतः मागायला हवं, त्या संस्काराबद्दल कॅथलिक श्रद्धा दाखवायला हवी आणि त्याची मनाची तयारी हवी. उलट दिशेला अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या बाप्तिस्मा झालेल्या कुणालाही बोलावतात. तिथे कॅथलिकाला अडवतो तो त्याचाच कायदा. कारण पुन्हा धर्मगुरूपदाशी येऊन ठेपतं: अखंड परंपरेत हात ठेवून अभिषेक न झालेल्याच्या शब्दांनी भाकर बदलत नाही, असं रोम मानतं, आणि 1896 मध्ये पोप लिओ तेराव्याने अँग्लिकन अभिषेकही याच यादीत टाकले.