अकरा मारवे

घरी नवं माणूस आलं की आधी कपाटाकडे बघतं, मग माझ्याकडे, आणि मग विचारतं, "बाई, एकाच गवयाचा एकच राग अकरा वेळा कशाला ठेवलाय?" पुतण्या त्याला "यूट्यूबवर सगळं मिळतं की" अशी पुरवणी जोडतो. शेजारच्या धुळ्याकडच्या आजी एवढंच म्हणायच्या, "कितला डाव तेच ते, माय?" आजवर मी हसून चहा टाकायला उठत आले. तुम्ही विचारलंत म्हणून, आणि निवृत्तीनंतर वेळही आहे म्हणून, एकदा नीट सांगते.

गवई कोण, ते सांगणार नाही. नाव घेतलं की "माझ्याकडचा बारावा ऐकलाय का?" असे फोन सुरू होतात. आणि खरंच बारावा असेल तर मला तो हवाच असतो.

राग मारवा. पंचम वर्ज्य, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, सगळा भार रे आणि ध वर. षड्जावर, म्हणजे मूळ सा वर, मात्र गवई बसत नाही. तानपुऱ्यात सा घुमत असतो आणि हा त्याच्या आजूबाजूने हिंडत राहतो, उंबऱ्यापर्यंत येतो, परत फिरतो. सूर्य बुडालाय आणि घरात अजून दिवा लावलेला नाही, तशी ऐकणाऱ्याची अवस्था. मग केव्हातरी तो सा लावतो आणि तिथे थांबतो. मी गणिताची बाई, मोजल्याशिवाय चैन पडत नाही. माझ्या वहीत प्रत्येक मारव्यापुढे एक आकडा आहे: ठहरलेला पहिला सा कितव्या मिनिटाला आला. एकात चौथ्या. एकात सतराव्या. माणूस तोच, बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतली मोठी बंदिश, तीही तीच.

चौथ्या मिनिटाचा आहे तो स्टुडिओतला. लाँग प्ले तबकडीच्या एका बाजूला जेमतेम वीस-बावीस मिनिटं मिळतात, त्यात संथ विलंबित, जलद द्रुत, ताना सगळं बसवायचं, मग टाळाटाळ करायला जागा कुठली? अमीर खाँसाहेबांची प्रसिद्ध तबकडी बघा, एका बाजूला मारवा आणि उलटली की दरबारी राग. त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर तर तीन-सव्वातीन मिनिटांत अख्खा राग. अब्दुल करीम खाँसाहेबांची "पिया बिन नहीं आवत चैन" तेवढीशीच, पण ती ऐकून गदगचा एक मुलगा घर सोडून पळाला आणि पुढे भीमसेन जोशी झाला. त्यामुळे छोट्या तबकडीला मी नावं ठेवत नाही. फक्त ते गवयाने काचेच्या खिडकीतल्या घड्याळाकडे बघत गायलेलं असतं, एवढं लक्षात ठेवते. बैठकीत समोर कोण बसलंय, तबल्यावर कोण आहे, आदल्या रात्री झोप झाली का, यावर सा पुढे-मागे होतो.

"यातला सर्वोत्तम कोणता?" यावर आमच्या टेपा जमवणाऱ्या मंडळींत दरवर्षी भांडण होतं. जळगावला जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव असतो. तिथे मध्यंतराच्या चहाला आम्ही भेटतो, याद्या काढतो, आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी मळ्यात भरीत आणि कळण्याच्या भाकरीवर उरलेलं भांडण पुरं करतो. मला तो प्रश्न फालतू वाटतो. माझा प्रश्न वेगळा असतो: टेप खऱ्या वेगाने चालते आहे का?

कारण वेग चुकला तर माझा आकडाही चुकतो. टेप सहा टक्के पळाली की पेटीच्या काळी एक पट्टीत गाणारा गवई शेजारच्या वरच्या पट्टीला, पांढरी दोनला जातो आणि सतरा मिनिटांची सोळा होतात. सुदैवाने विजेवर भरलेल्या बहुतेक टेपांत मागे एक बारीक घूं असतो, आपल्या विजेचा, ५० हर्ट्झचा. तो ५२ वर दिसला तर टेप चार टक्के पळते आहे, सरळ त्रैराशिक. मग प्लेअरमध्ये टेप जिच्यावर घासत वाजते त्या हेडशेजारचा बारीक स्क्रू. तो पाव फेरा इकडेतिकडे केला की गोणपाटाआड वाजणारा तानपुरा एकदम खोलीत येतो. आमच्या भुसावळच्या उन्हाळ्याचं तर विचारूच नका. ४५ अंशांत ट्रंकेत पडलेल्या टेपेवर एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. शांततेत आधी सुराची भुतासारखी सावली येते, आणि दोन सेकंदांनी खरा सूर. म्हणून ऐकण्याआधी कॅसेट एकदा पुढे-मागे गुंडाळून घ्यावी, थोडा फरक पडतो.

चिठ्ठ्यांवरही विश्वास ठेवायचा नाही. मारवा, पूरिया, सोहनी, तिघांचे स्वर तेच. माझ्याकडे आलेल्या एका कॅसेटवर "पूरिया" होतं. पूरिया ग-नी वर रेंगाळतो, सोहनी वरच्या सा च्या अंगाला खेळते, आणि हा तर रे-ध सोडायला तयार नव्हता. तो आठवा मारवा.

पण हे सगळं सुरू का झालं, ते सांगायचं राहिलं.

वडील मालगाडीवर गार्ड होते. भुसावळ जंक्शन, त्यामुळे मुंबई, नागपूर, इटारसी, कुठूनही टेपा रेल्वेच्या माणसांबरोबर आमच्या क्वार्टरमध्ये यायच्या, कॉपी व्हायच्या आणि पुढच्या गाडीने परत जायच्या. १९८१ साली गावात याच गवयाची बैठक ठरली, संध्याकाळी सहाची, आणि नेमकी तेव्हाच वडिलांना ड्यूटी लागली. मी नववीत. टेपरेकॉर्डर आणि साठ मिनिटांची एक कॅसेट देऊन त्यांनी मला पाठवलं. माईकवाल्याकडे प्लग मागितला, तर तो "जागा नाही" म्हणाला. मग सेलवर. "गेल्या गेल्या सुरू कर" असं वडिलांनी सांगितलेलं, ते मी तंतोतंत पाळलं. त्यामुळे पहिली दहा मिनिटं अध्यक्षांचं भाषण आणि हारतुरे आहेत.

पेटीवाल्यांच्या पायाशी बसून भरलेलं ते गाणं. सेल उतरत गेले, भरताना टेप हळू फिरत गेली, आणि आता खऱ्या वेगाने ऐकताना गवई काळी एकवरून सरकत सरकत पांढरी दोनच्या तोंडाशी येतो. त्याच्याबरोबर पेटीही. माणूस चढेल एक वेळ, पेटी कशी चढेल? सा जवळ आला, आता लागणार, एवढ्यात बाजू संपते. घाबरत उलटून लावली, तर दुसऱ्या बाजूची सुरुवात लोकांची ओसरत चाललेली "वाहवा". सा मधल्या मधे गेला.

वडील रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "कसा लावला?" मला सांगता आलं नाही. मी कॅसेटशी झटत होते. तिथून मी याच गवयाचे मारवे गोळा करायला लागले, त्या दिवशी त्याने काय केलं असेल याचा अंदाज बांधायला.

अकरावा मिळाला गेल्या जानेवारीत, जळगावला, चहाच्या रांगेत. चाळीसगावचे एक ऐंशीच्या घरातले काका मुलाबरोबर आले होते. त्यांच्या टेपांच्या यादीत माझ्या बैठकीची तारीख आणि गाव बघून मी विचारलं, ही कोणी भरली? म्हणाले, मीच. त्या दिवशी माईक माझा होता. मी म्हटलं, तेव्हा मला प्लग दिला असतात तर! ते म्हणाले, "बाई, मग माझी टेप कुठे लावली असती?"

त्यांची टेप विजेवरची, घूं बरोबर ५० वर. पंधरा दिवसांनी चाळीसगावला जाऊन त्यांच्या घरी दोन्ही समोरासमोर लावल्या. गाण्याच्या सुरुवातीपासून माझी बाजू संपेपर्यंत माझ्याकडे भरतात २० मिनिटं, त्यांच्याकडे तोच तुकडा २० मिनिटं ३६ सेकंदांचा. आणि बरोबर त्या जागी, त्यांच्या टेपेत, पेटीच्या माईकमध्ये अगदी जवळून "खट्" असा आवाज येतो. बटण वर उडाल्याचा. मागोमाग कोणीतरी "श्श" करतं. तिथून चौदाव्या सेकंदाला सा.

काकांच्या मुलाने विचारलं, कॉम्प्युटरवर तो खटका काढून टाकू का, मिनिटाचं काम आहे. मी वही उघडली आणि अकराव्या मारव्यापुढे पहिल्यांदाच दोन आकडे लिहिले: खट्, २०.३६. सा, २०.५०.