वायरीचा पंचम

आमच्या कॉम्प्युटरला एक पंचम होता. रात्री साडेदहानंतर शेजारचा टीव्ही बंद झाला की स्पीकरमधून हलकी घूंऽऽ अशी घरघर यायची. आता मी जे रेकॉर्डिंग सारखं लावतो त्यातल्या बुवांचा सूर पांढरी एक (पेटीची पहिली पांढरी पट्टी हा त्यांचा सा), म्हणजे त्यांच्या तंबोऱ्याची पहिली तार, खर्जातला, म्हणजे खालच्या सप्तकातला पंचम (प), वाजते ९८ हर्ट्झच्या, सेकंदाला ९८ कंपनांच्या, आसपास. आणि आपली वीज ५० हर्ट्झची, तिची दुप्पट १००, घरघर ऐकू येते ती त्या सुरात. म्हणजे घरघर बरोब्बर पंचमाला खेटून, पण किंचित चढी! दोन्ही एकदम ऐकलं की सेकंदाला जवळपास दोन लाटा, वंव वंव वंव, तंबोरा लावता न येणारा शिष्य मागे बसवल्यासारखं. बरं हा शिष्य देशभर एकच. ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर लाइनीनं दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, बाकीच्या देशाला जोडलं, तेव्हापासून आपले सगळे पंखे, फ्रीज नि ट्रान्सफॉर्मर एकाच पट्टीत घुमतात. अमेरिकेत ६० हर्ट्झ, तिथली घरघर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे कुठेतरी लोंबकळत असणार, त्यांचं ते बघतील.

तर उपाय म्हणून मित्रानं सांगितलं, पॉवर केबल बदल. साडेचार हजारांची आणली. अंगठ्याएवढी जाड, वरून नायलॉनची जाळी, पिनांना सोन्याचं पाणी. बायको म्हणाली, "अरे, कॉम्प्युटरसोबत आलेली वायर काय वाईट होती?" मी म्हटलं तू ऐक आधी. सीपीयूला लावली आणि काय सांगू, आवाज मोकळा झाला, तबल्याचा बायाँ गोल ऐकू यायला लागला, घरघरसुद्धा "जरा मागे गेली". तीन आठवडे येईल त्याला चहा पाजून ऐकवलं.

मग दिवाळीची सफाई आली. टेबल पुढे ओढलं तर ती जाडजूड केबल मॉनिटरला! दोघांच्या मागची सॉकेटं सारखीच, घाईत माझ्याच हातून अदलाबदल झालेली. म्हणजे तीन आठवडे बायाँ गोल करत होती ती जुनी काळी वायर.

त्या रात्री शांतपणे विचार केला, जो आधी करायला हवा होता. सबस्टेशनपासून आमच्या भिंतीपर्यंत वीज किलोमीटरच्या किलोमीटर साध्या तारांतून येते, ती शेवटच्या दीड मीटरला कशी सुधारणार? शिवाय कॉम्प्युटरच्या आत एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा बसलाय. तो आलेल्या २३० व्होल्टची आधी डीसी करतो, मग सेकंदाला हजारो वेळा तिचे तुकडे पाडून १२ आणि ५ व्होल्ट बनवतो, गाळून पुढे पाठवतो. एवढ्या गिरणीतून गेल्यावर वायरीचा गुण कसला उरतोय. वायर चेपलेली असेल, पिन सैल होऊन चरचरत असेल तर बदलावीच, पण त्याला साधी आयएसआय मार्कवाली पुरते.

मग घरघर कुठनं? डॅकची (कॉम्प्युटरच्या आकड्यांतून आवाज बनवणाऱ्या डबीची) यूएसबी काढली, ॲम्प (आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर) चालूच, तर गप्प. परत लावली, सुरू. म्हणजे कॉम्प्युटरकडूनच येतेय. कॉम्प्युटर एका भिंतीच्या प्लगवर आणि ॲम्प दुसऱ्या, कारण बोर्डात जागा नव्हती. दोघांना अर्थिंग, पण दोन वेगवेगळ्या वाटांनी, आणि मधे यूएसबी नि ऑडिओ वायरीनं दोघं परत जोडलेले, झाला की फेरा पूर्ण. दोन अर्थिंगमधे जो काही बारीक फरक असतो तो या फेऱ्यातून फिरत बसतो आणि ॲम्प त्यालाही गाणं समजून मोठं करतो. (काही लोक यावर उपाय म्हणून अर्थची पिनच कापतात, तसलं कृपया करू नका, ती आपल्या जिवासाठी आहे.)

पुण्याच्या तपकीर गल्लीतून साडेतीनशेचा स्पाइक गार्ड (एका प्लगवर अनेक सॉकेटं देणारा बोर्ड) आणला, दोन्ही त्यात खोचले, म्हणजे अर्थिंगची वाट एकच. घरघर गेली. अगदी स्पीकरला कान लावला तर थोडी आहे, पण स्पीकरला कान लावून यमन कोण ऐकतं. आता आलापात बुवा श्वास घेतात तेव्हा नुसता तंबोरा ऐकू येतो, स्थिर, लाटा नाहीत.

साडेचार हजारांची ती केबल मॉनिटरलाच ठेवलीय, काढायचा कंटाळा. परवा एक्सेल उघडलं तर रकाने जरा ठसठशीत दिसले. बायकोला अजून सांगितलं नाही.